सावत्र पालकाचे कायद्यातील स्थान आणि दत्तकाची अपुरी वाट : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत दत्तक घेण्याला ‘मांडीवर घेणे’ असा एक रूढ वाक्प्रचार आहे. ध्रुवाच्या कथेतील संघर्षही मांडीचाच आहे. पित्याच्या मांडीवर बसू पाहणाऱ्या ध्रुवाला सुरुची अडवते, कारण त्याने तिच्या उदरी जन्म घेतलेला नाही. ही कथा आपण सावत्र आईच्या निष्ठुरपणाची कथा म्हणून ऐकत आलो. प्रत्यक्षात मांडी हे तेथे उत्तराधिकाराचे आसन आहे, आणि तेथे कोणी बसावे हे जन्म ठरवतो की जिव्हाळा, हा त्या कथेतील मूळ प्रश्न आहे. आजचा कायदा या प्रश्नाचे उत्तर कसे देतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सावत्र पालक म्हणजे मुलाच्या जन्मदात्या आईचा किंवा वडिलांचा नंतरचा जोडीदार. विवाहाने त्याचे पत्नीशी किंवा तिचे पतीशी नाते कायदेशीर होते. पण त्या विवाहाबरोबर घरात आलेल्या मुलाशी नेमके कोणते नाते निर्माण होते, याविषयी भारतीय कायद्यात एकसंध उत्तर सापडत नाही. हे नाते कायदा ओळखतच नाही, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. कायदा हे नाते ओळखतो, परंतु निवडकपणे ओळखतो. आणि ज्या ठिकाणी मुलाच्या संगोपनाचा प्रश्न असतो, नेमके तेथेच ते नाकारतो. ही उणीव भरून काढण्यासाठी दत्तकविधानाचा एकच मार्ग दाखवला जातो. तो मार्ग मुळात वेगळ्या प्रयोजनासाठी आखलेला आहे.

‘सापत्न’ या संज्ञेची पार्श्वभूमी

‘सापत्न’ हा शब्द ‘सपत्नी’ म्हणजे सवत या शब्दापासून आला आहे. म्हणजेच या संकल्पनेच्या मुळाशी बहुपत्नीक कुटुंब आहे. एका पुरुषाच्या दोन पत्नी, त्यांची मुले आणि त्या मुलांमधील वारसाहक्काची स्पर्धा हा तिचा मूळ संदर्भ होय. कैकेयीचा हट्ट याच चौकटीत समजून घ्यावा लागतो. माद्रीच्या मुलांना आपल्या मुलांच्या बरोबरीने वाढवणारी कुंतीही त्याच परंपरेत आहे. पण भाषेने तिची आठवण ‘सापत्नभाव’ या शब्दात ठेवली नाही.

‘सावत्र बाप’ ही कल्पना या चौकटीत बसत नव्हती, कारण ज्या जातींमध्ये विधवाविवाह निषिद्ध होता तेथे ती संभवतच नव्हती. ज्या जातींमध्ये पाट लावण्याची रीत होती तेथे असे कुटुंब प्रत्यक्षात होते. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह अधिनियमाने विधवाविवाह कायदेशीर केला, परंतु त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने आणखी एक व्यवस्था केली. विधवेने पुनर्विवाह केल्यास, मृत पतीच्या मृत्युपत्राने पालक नेमलेला नसेल तर, त्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी न्यायालयाकडे करता येत असे. आईने विवाह केला की मुलावरील तिचा अधिकार संशयास्पद ठरे; नव्या पतीच्या अधिकाराचा तर विचारही नव्हता. हा अधिनियम १९८३ मध्ये निरसित झाला. त्यामागील गृहीतक मात्र पुढील कायद्यांतही डोकावत राहिले.

कायद्यातील ‘सावत्र’ : नोंद कोठे, वगळणूक कोठे

निरनिराळ्या अधिनियमांत सावत्र नात्याचा उल्लेख कोठे येतो हे क्रमाने पाहिले, तर एक विशिष्ट आकृतिबंध दिसू लागतो.

विवाहाच्या निषेधात हे नाते पूर्णपणे खरे मानले जाते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार पूर्वजाच्या पत्नीशी किंवा पतीशी विवाह निषिद्ध आहे. फौजदारी कायद्यातही ते खरे आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ मध्ये विवाहाने नातेवाईक झालेली किंवा मुलाच्या पालकाशी कौटुंबिक संबंध असलेली व्यक्ती अपराधी असेल, तर तो अपराध अधिक गंभीर मानला जातो. ही तरतूद आवश्यकच आहे, कारण घरातील विश्वासाच्या स्थानाचा गैरवापर हा या अपराधाचा सर्वांत वेदनादायक प्रकार होय. परंतु सावत्र पिता हे विश्वासाचे स्थान आहे, हे कायद्याला यातून मान्य आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

निर्वाहाच्या बाबतीत ओझे एकाच दिशेने जाते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० नुसार प्रत्येक हिंदूवर आपल्या मुलांचा व वृद्ध किंवा दुर्बल आईवडिलांचा निर्वाह करण्याची जबाबदारी आहे, आणि कलमाच्या स्पष्टीकरणात आईवडील या संज्ञेत अपत्यहीन सावत्र आईचा समावेश केला आहे. म्हणजे सावत्र मुलाने अपत्यहीन सावत्र आईला सांभाळावे. याच कलमात ‘मुले’ या संज्ञेत मात्र सावत्र मुलांचा समावेश नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा अर्थ लावताना ‘आई’ या शब्दात सावत्र आई येत नाही असे म्हटले. तथापि अपत्यहीन सावत्र आई विधवा असेल किंवा तिचा पती तिला पोसण्यास असमर्थ असेल, तर तिला सावत्र मुलाकडून निर्वाह मागता येईल, असेही स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याहून पुढे जातो. त्याच्या व्याख्येत सावत्र आई व सावत्र वडील हे दोघेही ‘पालक’ आहेत. मात्र ‘मुले’ या व्याख्येत सावत्र मुलांचा स्पष्ट उल्लेख नाही. ही विसंगती दूर करू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले; पण ते संमत न होता सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

आता पालकत्वाकडे वळू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम ६ नैसर्गिक पालक कोण हे सांगते. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या कलमातील वडिलांच्या ‘नंतर’ आई या शब्दांचा अर्थ वडिलांच्या अनुपस्थितीत असा लावून आईचे स्थान बळकट केले. परंतु याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते की, येथे ‘वडील’ व ‘आई’ या शब्दांत सावत्र वडील व सावत्र आई यांचा समावेश होत नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक मागावी, तर त्यातील कलम १९ नुसार वडील किंवा आई हयात व पात्र असताना न्यायालयास अन्य पालक नेमता येत नाही. आई हयात आहे म्हणूनच तर सावत्र पिता आहे. त्यामुळे ही वाटही बंद होते. परिणामी, शस्त्रक्रियेची संमती असो वा अज्ञान मुलाच्या नावावरील बँकेचा व्यवहार, मुलाला रोज शाळेत सोडणाऱ्या माणसाची सही कायद्याच्या दृष्टीने परक्याची सही ठरते.

विवाहनिषेध, शिक्षा आणि वृद्धापकाळातील निर्वाह या तिन्ही ठिकाणी ‘सावत्र’ हे नाते आहे. पालकत्व आणि मुलाचा निर्वाह या दोन ठिकाणी ते नाही. ज्या मुलाला वाढवण्याचे कायदेशीर कर्तव्य त्या व्यक्तीवर कधीच नव्हते, त्याच मुलाकडून म्हातारपणी निर्वाहाची अपेक्षा मात्र धरली आहे.

वारसा : मृत्यूच्या क्रमावर अवलंबून असलेले भवितव्य

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये हीच विषमता अधिक ठळक होते. सावत्र आई व सावत्र मुलगा यांच्यात दूरचा का होईना, वारशाचा दुवा आहे. मुलाच्या वर्ग २ मधील वारसांत ‘वडिलांची विधवा’ येते. उलट बाजूने, १९८७ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्त्रीच्या संपत्तीबाबतच्या कलम १५ मधील ‘मुलगे’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही; मात्र तो पतीचा वारस म्हणून पुढील क्रमांकावर येऊ शकतो. म्हणजे येथेही मुलगा येतो तो आईचा म्हणून नव्हे, तर तिच्या पतीचा म्हणून.

सावत्र पिता आणि पत्नीचे पूर्वविवाहातील मूल यांच्यात मात्र कोणताच दुवा नाही. हे मूल वर्ग १ मध्ये नाही, वर्ग २ मध्ये नाही. रक्ताचे वा दत्तकाचे नाते नसल्याने ते दूरच्या सगोत्र वा भिन्नगोत्र वारसांतही नाही. सावत्र पित्याचा मृत्यू आधी झाला, तर त्याची संपत्ती विधवेकडे येऊन तिच्यामार्फत त्या मुलापर्यंत पोचू शकते. आईचा मृत्यू आधी झाला व पित्याने मृत्युपत्र केले नसेल, तर वीस वर्षे त्याच्या घरात वाढलेल्या मुलास काहीच मिळत नाही. अन्य कोणीही वारस नसल्यास कलम २९ नुसार ती संपत्ती शासनाकडे जाते. मुलाचे भवितव्य अशा रीतीने कोण आधी मरण पावते या योगायोगावर अवलंबून राहते. मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करून हे टाळता येते हे खरे. परंतु ज्यांना कायद्याचा सल्ला सहज मिळत नाही, त्यांच्यासाठीच वारशाचे सामान्य नियम असतात.

दत्तकाची पहिली वाट : १९५६ चा अधिनियम

यावर उपाय म्हणून सावत्र मुलास दत्तक घ्यावे, असे सुचवले जाते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाखाली नोंदणीकृत दत्तकपत्राने व प्रत्यक्ष देण्या-घेण्याने हे होऊ शकते. परंतु या अधिनियमाची रचना निपुत्रिकाला वारस मिळवून देण्याच्या प्रयोजनातून आली आहे, आणि सावत्र कुटुंबाची गरज वेगळी आहे. यातून चार अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण कलम ११ ची. मुलगा दत्तक घेताना घेणाऱ्यास हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा. मुलीच्या बाबतीतही तशीच अट आहे. एक मुलगा असलेला विधुर आणि एक मुलगा असलेली विधवा यांनी विवाह केला, असे उदाहरणादाखल धरू. दोघांनी एकमेकांचे मूल मनापासून स्वीकारले तरी या अधिनियमाखाली दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा मुलगा दत्तक घेऊ शकत नाही. विवाहानंतर त्यांना आणखी मुलगा झाला, तरीही स्थिती तीच. एका छपराखाली वाढणाऱ्या भावांमध्ये कायदा अशी भिंत उभी करतो. शिवाय दत्तक घेणारा पुरुष व मुलगी, किंवा दत्तक घेणारी स्त्री व मुलगा, यांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर असावे लागते. तरुण वयात दुसरेपणावर गेलेल्या स्त्रीस ही अट पूर्ण करता येईलच असे नाही.

दुसरी अडचण संमतीची. २०१० पूर्वी मूल दत्तक देण्याचा अधिकार प्रामुख्याने वडिलांचा होता; ते हयात असताना घटस्फोटित आईला तो अधिकार काही अपवाद वगळता नव्हताच. २०१० च्या दुरुस्तीने कलम ८ व ९ बदलले आणि आईवडिलांना समान अधिकार मिळाला. परंतु दुसऱ्याची संमती अनिवार्य राहिली. त्याला अपवाद तीनच : दुसऱ्याने संसाराचा पूर्णपणे त्याग करणे, हिंदू न राहणे, किंवा सक्षम न्यायालयाने त्यास विकल मनाचा ठरवणे. मुलाला टाकून देणे हा अपवाद नाही. दोन्ही पालकांनी मूल टाकले असेल तरच न्यायालयाच्या परवानगीने अन्य पालकास ते दत्तक देता येते. पित्याने संन्यास घेतला तर मुलाचा मार्ग मोकळा होतो, पण तो मुलाकडे पाठ फिरवून दुसऱ्या शहरात संसार करीत असेल तर होत नाही, ही स्थिती तर्काला धरून नाही.

तिसरी अडचण परिणामांची. कलम १२ नुसार दत्तकविधानाच्या दिवसापासून मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले नाते, विवाहनिषेध व आधीच प्राप्त झालेली संपत्ती वगळता, तुटते. सावत्र पित्याने दत्तक घेतल्यास मूल देणारी आई आणि कलम १४ खाली दत्तक आई ठरणारी पत्नी ही एकच व्यक्ती असते. स्वतःचेच मूल तिला देऊन परत घ्यावे लागते. सावत्र आईने दत्तक घेतल्यास पित्याचे स्थान काय, यावर कलम १४ मौन बाळगते, कारण २०१० ची दुरुस्ती त्या कलमापर्यंत पोचलीच नाही. याहून गंभीर बाब आजी-आजोबांची आहे. ज्यांचा मुलगा वारला, त्यांचे नातवंडाशी असलेले कायदेशीर नातेही सुनेच्या पुनर्विवाहानंतरच्या दत्तकपत्राने संपते. नव्या वडिलांना जागा देण्यासाठी जुने घर पाडावेच लागते, असे हे गणित आहे.

चौथी अडचण अशी की, या प्रक्रियेत मुलाचे मत विचारण्याची किंवा त्याचे हित तपासण्याची कोणतीही पायरी नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे नाव व नाते त्याला न विचारता बदलू शकते.

दुसरी वाट : २०१५ चा अधिनियम

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ सर्व धर्मीयांना खुला आहे. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर २०१४ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या बाल न्याय अधिनियमाविषयी हेच तत्त्व मांडले होते. ज्यांच्या वैयक्तिक कायद्यात दत्तक नाही अशा मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी सावत्र पालकांसाठी ही वाट महत्त्वाची आहे. या अधिनियमात मुलाच्या इच्छेचा विचार करावा लागतो. त्याखालील २०१७ च्या व नंतर २०२२ च्या दत्तक नियमावलीत सावत्र पालकाने दत्तक घेण्याची स्वतंत्र प्रक्रिया आहे. दांपत्याने केंद्रीय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून जन्मदात्या पालकाच्या संमतीसह अर्ज करावयाचा असतो. वयाची व अपत्यसंख्येची सर्वसाधारण बंधने येथे शिथिल आहेत. म्हणजे जे कुटुंब एका अधिनियमाखाली अपात्र ठरते, तेच दुसऱ्याखाली पात्र ठरू शकते.

तरीही उणिवा आहेत. अधिनियमातील ‘नातेवाईक’ या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी व आजी-आजोबा आहेत. सावत्र पालक नाही. त्याची सोय केवळ नियमावलीत आहे. मुलाच्या ताब्याविषयी वाद न्यायालयात असेल, तर तो निकाली निघेपर्यंत प्रक्रिया सुरू होत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यास दिला; जेथे प्रश्न दुरावलेल्या पित्याच्या नकाराचा आहे, तेथे प्रशासकीय अधिकाऱ्याने निवाडा करणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच. आणि जन्मदात्या पालकांपासून कायमचे वेगळे होणे ही दत्तकाची व्याख्या येथेही तीच आहे.

न्यायालयांची अलीकडील भूमिका

२०२२ मधील दोन निर्णय या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहेत. आंध्र प्रदेशातील प्रकरणात पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईने मुलाला नव्या पतीचे आडनाव लावले होते. उच्च न्यायालयाने मूळ आडनाव पुन्हा लावण्यास व कागदपत्रांत नव्या पतीची नोंद ‘सावत्र वडील’ अशी करण्यास सांगितले. २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला आणि अशी नोंद मुलाच्या मनावर व आत्मसन्मानावर आघात करणारी, जवळजवळ क्रूर ठरेल असे म्हटले. निर्णय मानवी आहे. परंतु त्याचा आधार आईचे नैसर्गिक पालकत्व हा आहे. सावत्र पित्यास स्वतःचे असे स्थान त्यातून मिळत नाही. शिवाय जन्मदाता पिता हयात नसल्यामुळे तेथे संमतीचा पेच नव्हता.

दुसरे प्रकरण चंडीगडच्या एका वैद्यकीय संस्थेतील परिचारिकेचे आहे. पतीच्या पूर्वविवाहातील दोन मुलांची नोंद तिच्या सेवापुस्तकात होती व त्यांच्यासाठी तिने बालसंगोपन रजाही घेतली होती. तिला स्वतःचे पहिले मूल झाले तेव्हा ते तिसरे अपत्य ठरवून प्रसूती रजा नाकारण्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय देताना रूढ साच्याबाहेरील कुटुंबेही कायद्याच्या संरक्षणास पात्र आहेत, असे प्रतिपादन केले. सावत्र मुले तिच्या अधिकारात मोजली जात नव्हती, पण तिच्या विरुद्ध मोजली गेली. वर दाखवलेला आकृतिबंध येथे प्रशासनाच्या पातळीवर पुन्हा दिसतो.

पर्यायी रचना

दत्तक आणि परकेपण यांच्या मधली एखादी अवस्था असू शकते काय? इंग्लंडमध्ये बाल अधिनियम, १९८९ मध्ये २००२ च्या कायद्याने कलम ४अ घातले गेले. त्यानुसार पालकाशी विवाहबद्ध सावत्र पालकास, जन्मदात्या पालकांच्या कराराने किंवा न्यायालयाच्या आदेशाने, ‘पालकीय जबाबदारी’ प्राप्त होते. जन्मदात्याचे स्थान त्यामुळे नष्ट होत नाही. जबाबदार व्यक्तींची संख्या वाढते. ही रचना जशीच्या तशी उचलावी असे नाही. परंतु नाते जोडण्यासाठी दुसरे तोडावेच लागते हे गृहीतक अपरिहार्य नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

याचे बीज आपल्याकडेही आहे. केंद्र शासनाच्या पूरक नियमांत ‘कुटुंब’ या संज्ञेत कर्मचाऱ्यासोबत राहणारी व त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेली सावत्र मुलेही येतात. जन्म किंवा दत्तकपत्र याऐवजी सहवास व अवलंबित्व हा निकष तेथे स्वीकारला आहे. प्रवासभत्त्यापुरता जो निकष शासनास पुरेसा वाटतो, तो मुलाच्या शस्त्रक्रियेच्या संमतीपुरता का पुरेसा वाटू नये?

या मांडणीवर एक रास्त आक्षेप संभवतो. घरात नव्याने आलेल्या प्रौढास मुलावर अधिकार देणे धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच तो अधिकार विवाहाने आपोआप मिळू नये. काही काळाचा सहवास, मुलाचे मत व न्यायालयाची तपासणी या अटींवरच मिळावा. आज १९५६ च्या अधिनियमाखाली दत्तकपत्र करताना यांपैकी एकही तपासणी होत नाही, हे विसरता कामा नये.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. भारतीय कायद्यात सावत्र पालक अनुपस्थित नाही. निषेध, शिक्षा व वृद्धापकाळातील निर्वाह येथे तो आहे, आणि संगोपनाच्या अधिकार-कर्तव्यांतून तो वगळला आहे.

२. सावत्र आई व सावत्र पिता यांच्या स्थानातही विषमता आहे. वारशाचा क्षीण दुवा पुरुषामार्फत जुळतो. आईमार्फत आलेल्या मुलास तो मिळत नाही.

३. १९५६ च्या अधिनियमातील कलम ११ ची हयात अपत्याविषयीची अट सावत्र मुलांच्या बाबतीत शिथिल करावी. मूल टाकून दिलेल्या पालकाच्या संमतीस न्यायालयीन अपवाद असावा. आणि मुलाचे मत विचारात घेणे बंधनकारक करावे.

४. जन्मकुटुंबाशी नाते न तोडता सावत्र पालकास मर्यादित पालकीय जबाबदारी देणारी स्वतंत्र तरतूद करावी.

महाराष्ट्रात हा प्रश्न नावातच उभा राहतो, कारण येथे स्वतःच्या आणि आडनावाच्या मधली जागा वडिलांची आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव आले. आईला मिळालेली ही जागा स्वागतार्ह आहे. तथापि अकरावीच्या किंवा पदवीच्या प्रवेशअर्जावर ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी थबकणारा विद्यार्थी आपल्या वर्गांत आजही असतो. कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण त्या रकान्याशेजारी ‘प्रत्यक्ष सांभाळ करणारे पालक’ असा आणखी एक रकाना ठेवणे, आणि पालकसभेस आलेल्या माणसाला ‘तुम्ही नक्की कोण?’ असे चारचौघांत न विचारणे, हे महाविद्यालयांच्या हाती निश्चितच आहे.